मोनोचा स्टिरिओ आणि द्वारकेची कसोटी

एकाच मार्गावर मुद्रित झालेल्या गाण्यात तबला गायकाच्या डावीकडे होता की उजवीकडे, याची नोंदच नसते. त्यामुळे अशा मोनो मुद्रणापासून स्टिरिओ घडवणे म्हणजे हरवलेली माहिती शोधून काढणे नव्हे, तर कानाला पटेल अशी माहिती नव्याने रचणे होय. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झाले, ते मोनोच्याच काळात. त्या पिढीच्या ठेव्याला आजच्या दोन स्पीकरांवर रुंदी द्यायची, तर हाच मार्ग उरतो.

बाजूने आलेला ध्वनी दूरच्या कानाशी जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि डोक्याच्या आडोशामुळे त्यातील उच्च कंप्रता दबतात. या दोन खुणांवरून मेंदू दिशा ठरवतो. कृत्रिम स्टिरिओ त्याच खुणांची नक्कल करतो. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीने १९६० च्या दशकात ‘ड्युओफोनिक’ या नावाखाली एका बाजूला खालचे स्वर, दुसऱ्या बाजूला वरचे स्वर आणि दोहोंत किंचित विलंब, अशी सरळसोट पद्धत वापरली. ती हार्मोनियमला लावली, तर खर्ज एका कोपऱ्यात आणि तार सप्तक दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन एकाच पेटीचे दोन तुकडे होतात. तिला सुधारणा म्हणणे कठीणच.

याहून विचारपूर्वक पद्धत डॅनिश रेडिओतील होल्गर लाउरिडसेन यांची. मूळ ध्वनीची उशिरा येणारी प्रत डाव्या वाहिनीत मिळवायची आणि उजव्या वाहिनीतून वजा करायची, म्हणजे डावीकडे ज्या कंप्रता उठून येतात त्याच उजवीकडे दबतात आणि आवाज स्पीकरांदरम्यान पसरल्याचा भास होतो. बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९५८ मध्ये अशाच कृत्रिम स्टिरिओवर शोधनिबंध लिहिला. लाउरिडसेन यांच्या रचनेतील खरी खुबी बेरजेत आहे: दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की विलंबित प्रत स्वतःलाच छेदते आणि मूळ मोनो निर्मळ परत मिळतो. याउलट एका वाहिनीला नुसता १० मिलिसेकंद विलंब देऊन सोडले, तर हेडफोनवर रुंदी भासते खरी, पण बेरीज होताच ५०, १५०, २५० हर्ट्‌झ अशा दर १०० हर्ट्‌झच्या अंतराने कंप्रता नाहीशा होतात आणि गळा पोकळ, पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा वाजतो.

ही बेरीज केवळ कागदावरची नाही. मुंबई–आग्रा आणि पुणे रस्ते जिथे मिळतात त्या नाशिकच्या द्वारका चौकात उड्डाणपुलाखाली थांबलेल्या वाहनांतून गाणी ऐकली जातात, ती अनेकदा एकाच स्पीकरच्या मोबाइलवर, म्हणजे बेरजेच्या रूपातच. रिक्षात मागच्या सीटमागे दोन स्पीकर असले, तरी कडेच्या प्रवाशाच्या कानाशी त्यांपैकी एकच असतो. त्याला जवळच्या वाहिनीचाच आवाज प्रामुख्याने ऐकू येतो आणि लाउरिडसेनची युक्तीही त्याच्यापुरती अर्धीच उरते. विलंब जितका मोठा आणि मिसळ जितकी जास्त, तितका तो अर्धा भाग रंग बदललेला वाटतो, म्हणून परिणाम माफक ठेवणे श्रेयस्कर. कॅसेटच्या काळातील ‘झंकार’ आवृत्त्यांनी हा प्रश्न निराळ्याच धिटाईने सोडवला: जुन्या मुद्रणावर नवे इलेक्ट्रॉनिक ताल चढवले. वाहनांत ते खपले, परंतु त्यात मूळ वादकांच्या लयीतले बारकावे झाकले गेले, ही किंमत अभ्यासकाला मोठी वाटते.

अलीकडे २०१९ मध्ये आलेल्या ‘स्प्लीटर’सारख्या संगणकीय प्रणाली गळा आणि वाद्ये वेगळी करून प्रत्येकाला स्वतंत्र जागा देऊ शकतात, मात्र तानपुऱ्याचा सलग नाद गायकाच्या स्वराशी इतका एकजीव झालेला असतो, की विलग केलेल्या गळ्याबरोबर त्याचे अवशेष येण्याचा धोका राहतो. साधन कोणतेही असो, गळा मध्यभागी ठेवून रुंदी फक्त साथीला द्यावी, आणि काम संपवण्यापूर्वी मिक्सरवरचे मोनोचे बटण दाबून, मूळ फीत शेजारी लावून, दोन्हींतला तबल्याचा बाया एकसारखा भरीव वाजतो का हे तपासावे.