मोटर चालू, पण पाणी?

हरभऱ्याला पाणी धरायचे दिवस आले की बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी आधी लाइनचे वेळापत्रक विचारतो. शेतीची थ्रीफेज लाइन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. विहीर नाल्याकाठी, घर गावात. मोटर सुरू झाली का, हे पाहायला अंधारात बॅटरी घेऊन निघायचे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला तर हे जिवावरचे काम. तिथे अस्वले आहेत, बिबटे आहेत, आणि २०१९ मध्ये टिपेश्वरहून चालत निघालेला वाघही तिथेच मुक्कामाला आला होता.

यावरचा सोपा इलाज म्हणजे घरून दिसेल असा खांबावरचा दिवा. पण तो कुठे जोडला, यावर तो काय सांगतो ते ठरते. स्टार्टरच्या आधी जोडला, तर लाइन आली एवढेच कळते. स्टार्टरनंतर, मोटरकडे जाणाऱ्या तारांवर जोडला, तर स्टार्टर ओढला गेला हे कळते.

इथे एक जुगाड सर्रास चालतो. स्टार्टरच्या पेटीत न्यूट्रल नसला की बल्बचे एक टोक फेजला आणि दुसरे अर्थिंगला. हे अजिबात करू नका. जमीन वाळून अर्थिंग कमजोर झाले, तर बल्बमधून आलेला करंट लोखंडी पेटीत उतरतो. दोन फेजमध्ये चालणारा, ४१५ व्होल्टचा पॅनेल इंडिकेटर मिळतो, तोच घ्या. मात्र चालत्या मोटरचा एक फेज गेला, तरी मोटर त्या तारेवर स्वतःच व्होल्टेज उभे करते आणि दिवा फसवतो. त्यासाठी फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटरच हवा.

आणि एवढे करूनही पाण्याचा पत्ता लागत नाही. विहीर आटली, मोटरने हवा धरली, तरी दिवा लागलेलाच. पाणबुडी मोटर पाण्यानेच थंड राहते. कोरडी फिरली की जळते. पाच एचपीची मोटर साधारण सात अँपिअर घेते. पंपाला पाणी मिळेनासे झाले की पेटीतल्या अँपिअर मीटरचा काटा खाली येतो. पण तो पाहायला विहिरीवरच जावे लागते.

म्हणून माझे मत असे, की खूण विजेची नको, पाण्याची हवी. हौदात पडणाऱ्या आडव्या पाइपच्या तोंडाशी बिजागरीवर पत्र्याची झडप लावा. धार आली की ती उचलली जाते आणि वरचा लिमिट स्विच दाबते. बारा व्होल्टच्या बॅटरीवरचा एलईडी लागतो. दिवसा एलईडी दिसत नाही, तेव्हा झडपेलाच लांब काडी आणि लाल फडके बांधा. झडप धारेने उचलावी इतकी हलकी, पण वाऱ्याने हलू नये इतकी जड ठेवा.

फोनवरून मोटर चालवणारा मोबाइल स्टार्टर चांगलाच, पण रेंज असेल तिथे. लाइन येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोस्विचने सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, म्हणून महावितरण तो काढायला सांगते. रात्रीची लाइन आहे तोवर ते कोण ऐकणार?

पेटीतले काम मेन स्विच पाडून वायरमनकडूनच करून घ्या. झडप मात्र घरी जमते.