परका कुत्रा घरी ठेवताना

मालक गावी गेल्यावर त्याचा कुत्रा चार दिवस पैसे घेऊन घरी सांभाळणे, हे काम खांदा कॉलनीसारख्या वसाहतीत मिळू शकते. प्राणिमात्रांशी मैत्री ही धम्माची शिकवणच आहे. पण आधी कुत्र्याचे लसीकरण कार्ड पाहावे. वर्षभरात रेबीजची लस टोचलेली नसेल, तर कुत्रा घेऊ नये.

लेकरांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये. तो चावला किंवा ओरखडा आला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. रक्त आले असल्यास लसीबरोबर सीरमबद्दल विचारावे. सर्व डोस पूर्ण करावेत. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण सहसा वाचत नाही.