एका गाण्यापुरते नाव

एकाच गाण्याने घराघरांत पोहोचलेले आणि पुढे त्याच गाण्यापुरते लक्षात राहिलेले गायक प्रत्येक काळात झाले. हिंदी चित्रपटसंगीतात मात्र त्यांची दाटी ऐंशीच्या दशकात विशेष दिसते. फिल्मफेअरच्या पार्श्वगायिकांची यादी हा त्याचा सरळ पुरावा आहे. १९८१ ते १९८५ या पाच सोहळ्यांत हा पुरस्कार अनुक्रमे नाझिया हसन (‘कुर्बानी’), परवीन सुलताना (‘कुदरत’), सलमा आगा (‘निकाह’), आरती मुखर्जी (‘मासूम’) आणि अनुपमा देशपांडे (‘सोहनी महिवाल’) यांना मिळाला. पाच वर्षे, पाच वेगळी नावे, आणि यांपैकी एकीलाही तो पुन्हा मिळाला नाही. याच पाच वर्षांत गायकांचा पुरस्कार चारदा किशोरकुमार यांच्याकडे आणि एकदा त्यांचा मुलगा अमितकुमार याच्याकडे गेला.

परवीन सुलताना शास्त्रीय संगीतात आणि आरती मुखर्जी बंगाली गाण्यात आधीच नावारूपाला आल्या होत्या. हिंदी चित्रपटाच्या सर्वसामान्य श्रोत्याच्या मनात मात्र त्या प्रामुख्याने एकेका गाण्याने राहिल्या.

दार उघडले कसे?

लता मंगेशकर १९७०च्या सुमारास आणि आशा भोसले १९७९ नंतर या पुरस्काराच्या स्पर्धेतून स्वतःहून बाजूला झाल्या. त्यामुळे इतरांना वाट मिळाली. ध्वनिमुद्रणात मात्र दोघींचे वर्चस्व कायम होते. बाकीच्या गायिकांना मुख्यतः दोन प्रकारे संधी मिळे. संगीतकाराला अगदी वेगळा आवाज हवा असेल तर, किंवा चित्रीकरण अडू नये म्हणून तात्पुरत्या आवाजात गाणे ध्वनिमुद्रित करून घ्यायचे असेल तर. अनुपमा देशपांडे यांच्या गाण्याबाबत असाच किस्सा सांगितला जातो. गाणे आशाताईंसाठी होते. त्यांनी हा तात्पुरता आवाज ऐकला आणि तोच ठेवा असे सुचवले.

वेगळ्या आवाजाची गरज डिस्कोने निर्माण केली. बंगळुरात वाढलेले आणि लंडनमध्ये स्थिरावलेले संगीतकार बिद्दू यांनी १९७४ मध्ये कार्ल डग्लस या गायकाकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतले. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. डग्लसला तसे यश पुन्हा लाभले नाही. ‘कुर्बानी’चे (१९८०) बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचे होते, पण एक गाणे बिद्दूंनी केले आणि त्यासाठी लंडनमध्ये शिकणाऱ्या, जेमतेम पंधरा वर्षांच्या नाझियाला उभे केले. पुढच्याच वर्षी आलेल्या तिच्या ‘डिस्को दीवाने’ने चित्रपटाच्या आधाराशिवायही गाण्यांचा संग्रह खपतो हे दाखवून दिले.

१९८२च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींनी विजय बेनेडिक्ट आणि त्रिनिदादहून आलेल्या पार्वती खान यांना गायला लावले. पार्वती खान यांचे ‘जिमी जिमी’ सोव्हिएत संघातही गाजले. त्याची चाल ओटावान या फ्रेंच जोडीच्या गाण्यावरून घेतलेली होती. याच चित्रपटातल्या आणखी एका गाण्याची चाल बगल्स या ब्रिटिश जोडीची. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाले ते याच जोडीच्या गाण्याने, आणि तीही मुख्यतः त्याच गाण्यासाठी ओळखली जाते.

कॅसेट आणि पुसलेली नावे

ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या मध्यमवर्गालाही महाग पडत. कॅसेटने हे गणित बदलले. गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजने कमी किमतीची कॅसेट पानाच्या टपरीपर्यंत नेली. कॉपीराइट कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या आवाजांत काढण्याचा धंदाही याच काळात फोफावला. एकच गाणे तीन-तीन आवाजांत मिळू लागले, तेव्हा मूळ आवाज कोणाचा हे ओळखणे अवघड झाले.

त्यात भर पडली ‘गाणी भरून देणाऱ्या’ दुकानांची. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर यादी देई; साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दहा-बारा गाणी बसत. डबीतल्या कार्डावर दुकानदार बॉलपेनने गाण्याचे पहिले शब्द आणि चित्रपटाचे नाव लिही. गायकाच्या नावाला त्या अरुंद ओळीत जागा उरत नसे. रेडिओवर निवेदक नाव घेत असे. भरलेल्या कॅसेटवर ते नाहीसे झाले.

मीरा-भाईंदरमधले श्रोते

या कॅसेटचे श्रोते पुढे मुंबईला लागून असलेल्या मीरा-भाईंदरमध्येही पसरले. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ मध्ये १,७५,६०५ होती. २००१ मध्ये ती ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या चाळींत तरुण असलेली अनेक कुटुंबे या वाढीत इथे आली. त्यांच्याबरोबर ती गाणीही आली. उत्तन-पालीच्या किनाऱ्यापासून मीरा रोडच्या संकुलांपर्यंत हळद, वरात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो पथके आजही डिस्कोच्या चाली वाजवतात. बेंजोवर शब्द नसतात, आवाज नसतो, फक्त चाल असते. गायकाचे नाव इथे पूर्ण गळते, गाणे मात्र टिकते.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सर्वाधिक ठळक राहतात, हे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. एकाच गाण्याच्या गायकाला त्यात आणखी एक बळ मिळते. किशोरकुमारांचा आवाज जवळपास चार दशकांत विखुरलेला आहे; तो ऐकून नेमके वर्ष आठवत नाही. सलमा आगांचे गाणे लागले की १९८२ हेच साल उभे राहते. मराठीत मात्र किशोरकुमारांचेही तसेच झाले. इथे त्यांनी मोजकीच गाणी गायली, आणि ‘गंमत जंमत’मधले (१९८७) ‘अश्विनी ये ना’ ऐकताच त्यांच्या अखेरच्या वर्षाची आठवण होते.

ही गाणी आता पुन्हा वर येत आहेत. २००७ मध्ये ब्रिटिश गायिका एम.आय.ए. हिने ‘जिमी’ नव्याने गायले. २०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये नाझियाचा आवाज परतला, पण तो ऐकायला ती नव्हती. ऑगस्ट २००० मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, तिचे निधन झाले होते. गायिका रूपा बिस्वास यांनी कॅनडातील कॅलगरी येथे ध्वनिमुद्रित केलेला ‘डिस्को जॅझ’ (१९८२) हा गाण्यांचा संग्रह त्या काळी दुर्लक्षित राहिला आणि २०१९ मध्ये अमेरिकेत पुन्हा प्रकाशित झाला.

अशा गायकांना ‘एकाच गाण्याचे’ म्हणून कमी लेखणे अन्यायाचे आहे. संधी एकदाच मिळाली आणि तिचे त्यांनी सोने केले, असेच म्हणायला हवे. समुद्रकाठच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी लवकर धरते. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या वेळीच उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येक गाण्यापुढे गायकाचे नाव लिहावे. ऑर्केस्ट्राच्या निवेदकांनीही चित्रपटाआधी ते नाव घ्यावे. गाणे आपण जपले आहेच. आता नावही जपले पाहिजे.