नॉर्मल, पण कुठल्या मशीनवर?

 सोलापूरहून एका वाचक बाईंनी यजमानांचा कार्डियाक एमआरआयचा रिपोर्ट पाठवलाय. त्यात टी-वन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतल्या प्रोटॉनना मूळ स्थितीत परतायला लागणारा वेळ, ११७८ मिलिसेकंद. ‘तुम्ही तर साडेनऊशे ते हजार नॉर्मल म्हणालात. मग ही सूज समजायची का?’

रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘३ टेस्ला’ छापलंय. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप; मी आधी दिलेले आकडे दीड टेस्लाचे. चुंबक जितका जबर, तितका प्रोटॉनना मूळ स्थितीत परतायला वेळ जास्त. निरोगी हृदयसुद्धा ३ टेस्लावर साडेअकराशेच्या पुढेमागे असतं. निदान अर्थातच डॉक्टरांनी करायचं. पण नुसत्या या आकड्याने झोप उडवून घेऊ नका.

चुंबक सारखा असला, तरी मोजायची रीत आकडा हलवते. मेस्रोग्ली आणि सहकाऱ्यांची ‘मॉली’ ही रीत २००४ची. ऑक्सफर्डची ‘शमॉली’ २०१०ची. ती नऊ ठोक्यांत आटोपते, त्यामुळे धाप लागणाऱ्या पेशंटला श्वास कमी वेळ रोखावा लागतो. मॉली खऱ्यापेक्षा जरा कमीच दाखवते. ‘साशा’ ही आणखी एक रीत खऱ्याच्या जवळ जाते, पण तिचे आकडे जास्त विखुरतात. मला विचाराल तर मी मॉलीच घेईन. दर वेळी तेवढंच चुकणारं माप आजार हुडकायला चालतं.

म्हणूनच २०१३ आणि २०१७च्या तज्ज्ञ-सहमतीपत्रांचा आग्रह असा, की प्रत्येक सेंटरने आपलं नॉर्मल आपणच ठरवावं. निरोगी माणसं आपल्याच मशीनवर, त्याच पद्धतीने मोजायची. माप दोन जवनिकांमधल्या पडद्यावर घ्यायचं, कारण बाजूच्या भिंतीला फुप्फुसातली हवा खेटून असते आणि तिथलं चित्र बिघडतं. मग सरासरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनं, हे झालं आपलं नॉर्मल.

खरी मेख ‘निरोगी माणसं’ या दोन शब्दांत आहे. हाताशी सापडतात ते रेसिडेंट, टेक्निशियन, त्यांचे मित्र. सगळे पंचविशी-तिशीतले, त्यातही मुलगेच जास्त. बायकांचा टी-वन मुळात पुरुषांपेक्षा थोडा वर असतो. साठीच्या बाईंना त्या पोरांच्या पट्टीने मोजलं, तर धडधाकट बाईसुद्धा रेषेपलीकडे जाईल.

आणि मशीनवर नजर कोण ठेवणार? त्यासाठी लंडनच्या गॅब्रिएला कॅप्टर आणि मंडळींनी टी-वन-मेस नावाची बाटली बनवली. आत अ‍ॅगरोज जेलच्या नऊ नळ्या, प्रत्येकीत निकेल क्लोराइडचं प्रमाण वेगळं. ही बाटली ठरावीक दिवसांनी स्कॅनरमध्ये ठेवायची. सॉफ्टवेअर बदलल्यावर नळ्यांचे आकडे सरकले, तर दोष पेशंटच्या हृदयाचा नाही हे लगेच कळतं. जेलचा टी-वन तापमानानेही बदलतो, म्हणून खोलीतलं तापमान टिपून ठेवायचं.

या सगळ्या गोंधळात टी-टू-स्टार हा एमआरआयचा दुसरा आकडा त्यातल्या त्यात सरळ. थॅलेसेमियाच्या पेशंटच्या हृदयात साठलेलं लोह मोजायला रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलच्या गटाने २००१ साली तो पुढे आणला. वीस मिलिसेकंदांखाली लोहाचा संशय, दहाखाली हार्ट फेल्युअरचा धोका. ही रेषा देशोदेशी चालते, पण तीही दीड टेस्लावर. ३ टेस्लावर टी-टू-स्टार वाढत नाही, उलट घटतो.