दूरसाहाय्य-प्रणालीची निवड : छोट्या संगणक-व्यवसायाच्या दृष्टीने

इतरांच्या संगणकांची देखभाल करणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, अशा छोट्या संस्थांचे कामाचे स्वरूप गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळच पालटले आहे. पूर्वी लहानसहान दुरुस्तीसाठीही तंत्रज्ञाला ग्राहकाच्या दारी जावे लागे. आता तो आपल्या जागेवर बसूनच ग्राहकाच्या संगणकाचा पडदा पाहू शकतो व त्याचा कळफलक चालवू शकतो. हे ज्या साधनामुळे साध्य होते त्याला ‘रिमोट सपोर्ट सॉफ्टवेअर’ किंवा दूरसाहाय्य-प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीची निवड सामान्यतः किंमत आणि सोय या दोनच कसोट्यांवर केली जाते. वस्तुतः चार-पाच माणसांच्या संस्थेकडे पन्नास कार्यालये सोपविलेली असली, तर ही प्रणाली म्हणजे त्या पन्नासही कार्यालयांच्या किल्ल्यांचा एकच जुडगा होय. म्हणून निवडीचा विचार ‘हा जुडगा कोणाच्या हाती राहणार?’ या प्रश्नापासून सुरू होणे अगत्याचे आहे.

दूरसाहाय्याचे प्रथमतः दोन प्रकार मानावे लागतात. पहिल्या प्रकारात ग्राहक स्वतः संगणकापुढे बसलेला असतो. तो तात्पुरता संकेतांक सांगून संमती देतो आणि काम संपताच संबंध तुटतो. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाच्या संगणकावर एक साहाय्यक प्रणाली कायमची बसविलेली असते व तंत्रज्ञ रात्री-अपरात्री, कोणी नसतानाही, आत प्रवेश करू शकतो. सर्व्हरच्या देखभालीस दुसरा प्रकार अपरिहार्य आहे. परंतु केवळ छपाईयंत्राची तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक संगणकावर कायमची वाट उघडी ठेवणे अनाठायी आहे. अनेक संस्था या दोहोंत भेद करीत नाहीत, आणि धोक्याचा बराचसा भाग येथेच उत्पन्न होतो.

या साधनांच्या मुळाशी असलेल्या दोन पद्धती जाणून घेणे उपयुक्त ठरेल. ‘व्हीएनसी’ ही पद्धत केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी-ओरॅकल संशोधन-प्रयोगशाळेत विकसित झाली व १९९८ मध्ये तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिचा ‘आरएफबी’ हा संदेशनियम २०११ मध्ये ‘आरएफसी ६१४३’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. या पद्धतीत पडद्याचा जो आयताकृती भाग बदलला असेल त्याचे चित्रबिंदू पाठविले जातात. त्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर चालते; मात्र मंद वाहिनीवर ती अडखळते. दुसरी पद्धत मायक्रोसॉफ्टची ‘आरडीपी’ ही होय. ती १९९८ च्या विंडोज एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आली. तिच्या मूळ रचनेत चित्राऐवजी ‘येथे चौकट काढा, येथे अक्षर लिहा’ अशा स्वरूपाच्या आज्ञा पाठविल्या जात. त्यामुळे तिला वाहिनीचा भार कमी लागे. तथापि विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीवर चालणाऱ्या संगणकात या पद्धतीने बाहेरून प्रवेश करता येत नाही, आणि लहान दुकानांतून नेमकी हीच आवृत्ती बहुधा आढळते.

दोन संगणकांची गाठ पडते कशी, हा यापुढचा प्रश्न. कार्यालयातील संगणकांना खाजगी पत्ते असतात व राउटर त्या सर्वांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे झाकतो. बाहेरून येणाऱ्या हाकेला आतला कोणता संगणक उत्तर देणार, हे राउटरला ठाऊक नसते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे राउटरमध्ये ठराविक पोर्ट उघडे ठेवणे. आरडीपीसाठी ते सामान्यतः ३३८९ व व्हीएनसीसाठी ५९०० असते. हा उपाय बिनखर्चाचा असला तरी घातक आहे, कारण उघडी पोर्टे शोधीत फिरणाऱ्या स्वयंचलित प्रणाली इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. मे २०१९ मध्ये उघडकीस आलेला ‘ब्लूकीप’ हा आरडीपीमधील दोष तर इतका गंभीर होता, की ज्या जुन्या विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबविली होती, तिच्यासाठीही त्या कंपनीला दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. दुसरा उपाय मध्यस्थ सर्व्हरचा. दोन्ही संगणक स्वतः होऊन बाहेरच्या मध्यस्थाशी संबंध जोडतात आणि मध्यस्थ त्यांची गाठ घालून देतो. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, स्क्रीनकनेक्ट, रस्टडेस्क ही साधने मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. येथे राउटरला हात लावावा लागत नाही. परंतु मध्यस्थावर विश्वास टाकावा लागतो.

हा विश्वास किती मोलाचा आहे हे २ जुलै २०२१ च्या घटनेने स्पष्ट केले. कासेया या कंपनीची ‘व्हीएसए’ नावाची दूरनियंत्रण व देखरेख-प्रणाली अनेक छोट्या देखभाल-संस्था वापरीत असत. तिच्यातील दोषाचा फायदा घेऊन ‘आरइव्हिल’ या टोळीने त्या संस्थांच्या सर्व्हरांत प्रवेश मिळविला आणि त्यांच्याच मार्गाने ग्राहकांच्या संगणकांवर खंडणीखोर प्रणाली पाठविली. कंपनीच्या निवेदनानुसार प्रत्यक्ष बाधित झालेल्या तिच्या ग्राहक-संस्था साठांहून कमी होत्या. पण त्यांच्यामागे असलेले सुमारे १,५०० पर्यंत व्यवसाय संकटात सापडले. स्वीडनमधील ‘कूप’ या दुकानसाखळीला सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली, आणि ही साखळी कासेयाची थेट ग्राहकही नव्हती. तिच्या पैसे घेण्याच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या पुरवठादारामार्फत हा आघात तिच्यापर्यंत पोहोचला. नेदरलँड्समधील ‘डीआयव्हीडी’ या स्वयंसेवी संशोधकगटाने हे दोष एप्रिलमध्येच कंपनीला कळविले होते; सर्व दुरुस्त्या पूर्ण होण्यापूर्वीच घाला पडला.

यावरून मध्यस्थ सर्व्हर स्वतःच्याच ताब्यात ठेवणे श्रेयस्कर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो टिकत नाही. कासेयाच्या प्रकरणात बळी पडले ते सर्व्हर संस्थांनी स्वतःच चालविलेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रीनकनेक्टमध्ये जो दोष आढळला त्याला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. कंपनीने आपल्याकडील सर्व्हर स्वतः दुरुस्त केले, पण ज्या संस्थांनी सर्व्हर आपल्या जागेत ठेवले होते त्यांना नवी आवृत्ती स्वतः बसवावी लागली, आणि अवघ्या काही दिवसांत हल्ले सुरू झाले. उलटपक्षी, त्याच महिन्याच्या प्रारंभी एनीडेस्कने आपल्याच यंत्रणेत परक्यांचा प्रवेश झाल्याचे जाहीर केले व प्रमाणपत्रे रद्द करून ग्राहकांना पासवर्ड बदलण्यास सांगितले. तात्पर्य, सर्व्हर कोठे आहे यापेक्षा दोष कळताच तो त्याच दिवशी दुरुस्त करणारे माणूस कोण आहे, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. ज्या संस्थेत असे माणूस सुटीच्या दिवशीही उपलब्ध असेल तिने स्वतःचा सर्व्हर ठेवावा; इतरांनी ते काम पुरवठादाराकडे सोपविणेच शहाणपणाचे.

खर्चाच्या बाबतीत आकारणीची पद्धत आधी समजून घ्यावी लागते. शुल्क कधी तंत्रज्ञांच्या संख्येवर, कधी एकाच वेळी चालणाऱ्या संबंधांवर, तर कधी संगणकांच्या संख्येवर आकारले जाते. समजा, तीन तंत्रज्ञ २०० संगणक सांभाळतात. एका तंत्रज्ञाचे वार्षिक शुल्क सुमारे ६७ संगणकांच्या शुल्काहून कमी असेल, तर तंत्रज्ञांवर आधारलेली आकारणी स्वस्त पडते. ते त्याहून अधिक असेल, तर संगणकांवर आधारलेली. तिघे क्वचितच एकाच वेळी काम करीत असतील, तर संबंधसंख्येवरील आकारणी सर्वांत लाभदायक ठरू शकते. विनामूल्य सेवेवर मात्र व्यवसाय उभारू नये. ‘लॉगमीइन’ची विनामूल्य सेवा जानेवारी २०१४ मध्ये जवळजवळ पूर्वसूचनेशिवाय बंद झाली, शिवाय काही साधनांची विनामूल्य परवानगी केवळ वैयक्तिक वापरापुरतीच असते.

भारतातील संस्थांना कायद्याचाही विचार करावा लागतो. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. अर्थात कोण, केव्हा, कोणत्या संगणकात शिरला याची नोंद जी प्रणाली ठेवीत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी त्याज्य होय. ग्राहकांच्या सवयींचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या आधारे होणाऱ्या फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. भामटे फोनवरून ग्राहकाकडून संकेतांक मागून घेत. जी संस्था आपल्या ग्राहकाला कोणाच्याही फोनवर संकेतांक सांगण्याची सवय लावते, ती नकळत भामट्यांचीच वाट सुकर करते. ग्राहकाने संस्थेच्या ठरलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, मगच संकेतांक द्यावा, ही शिस्त कोणत्याही प्रणालीइतकीच महत्त्वाची आहे.

अखेरची परीक्षा प्रत्यक्ष वापराची. ती संस्थेच्या वेगवान वाहिनीवर न घेता सर्वांत मंद वाहिनी असलेल्या ग्राहकाकडे घ्यावी. विंडोज जेव्हा प्रशासकाची संमती विचारते, तेव्हा तंत्रज्ञाला तो पडदा दिसतो की काळा पडतो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर संबंध आपोआप जुळतो की नाही. द्विस्तरीय ओळखतपासणी प्रत्येक तंत्रज्ञावर सक्तीची करता येते की नाही. नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञाचा प्रवेश एका क्षणात रद्द होतो की नाही. आणि ग्राहकाने संस्था बदलली तर त्याच्या संगणकावरून ही प्रणाली निःशेष काढून टाकता येते की नाही, हे सर्व पाहावे. यांपैकी शेवटची चाचणी सहसा कोणी घेत नाही. परंतु दिलेली किल्ली परत मागता आणि देता येणे, यातच ग्राहकाचा विश्वास खऱ्या अर्थाने सुरक्षित असतो. छोट्या संस्थेपाशी भांडवल थोडे असते. जो काही साठा असतो तो या विश्वासाचाच असतो, आणि प्रणालीची निवड करताना त्याचाच हिशेब प्रथम मांडला पाहिजे.