प्रेक्षकाचे मत आणि रसविघ्नविचार

चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक सहसा गप्प राहत नाही. जिन्यावर, बसथांब्यावर, दुसऱ्या दिवशी कचेरीत किंवा महाविद्यालयाच्या आवारात तो पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलतो, सोबत्याशी वाद घालतो आणि प्रसंगी आपले मत बदलतोही. समीक्षेच्या इतिहासात या बोलण्याला फारसे स्थान मिळालेले नाही. ‘आवडले’, ‘कंटाळा आला’, ‘असे कुठे घडते का?’ या उद्गारांना ‘अभिरुचीचा प्रश्न’ म्हणून बाजूला ठेवण्याची आपली सवय आहे. या उद्गारांमागे काही व्यवस्था आहे काय, आणि असल्यास ती आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत मांडता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रेक्षकांच्या मताला शिस्त लावण्याचा संघटित प्रयत्न आपल्याकडे फिल्म सोसायटीच्या चळवळीने केला. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता प्रभृतींनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ उभा राहिला आणि १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असल्यामुळे अभ्यासकांना जुन्या चित्रपटांचा आधार मिळाला. चित्रपट पाहावा आणि त्यावर चर्चा करावी, ही या चळवळीची रीत. तिने ‘रसास्वाद’ हा शब्द चित्रपटाच्या संदर्भात रूढ केला. मात्र त्या शब्दामागील शास्त्रविचार प्रेक्षकाच्या मताला लावून पाहण्याचे काम अद्याप पुरेसे झालेले नाही.

अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी पहिली तीन आपल्या विषयाला विशेष उपकारक आहेत. पहिले ‘संभावनाविरह’, म्हणजे दाखविलेले घडू शकेल असे न वाटणे. दुसरे, दिसणारे सुखदुःख हे माझे किंवा त्या अमुक व्यक्तीचेच आहे, अशा स्वगत-परगत भावनेने विशिष्ट देशकालात अडकून पडणे. तिसरे, प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाने विवश असणे. या प्रत्येकावर अभिनवगुप्ताने उपायही सांगितले आहेत. पहिल्यासाठी सामान्य लोकव्यवहाराचे किंवा प्रख्यात कथावस्तूचे साहाय्य, दुसऱ्यासाठी पूर्वरंग आणि नटाचे मूळ रूप झाकणारा वेष, तर तिसऱ्यासाठी गीतवाद्यादींचे रंजन. प्रेक्षकाचे मत म्हणजे पुष्कळदा यांपैकी एखाद्या विघ्नाची त्याने दिलेली साक्ष असते, असे माझे प्रतिपादन आहे.

एक उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. त्यावर घरोघरी जे बोलले गेले, त्यात तीन सूर ठळक होते. ‘पाटलाची मुलगी बुलेट चालवीत अशी वागेल काय?’ हा पहिला. ही संभावनाविरहाची तक्रार होय. ‘ही आमचीच गोष्ट आहे’ आणि त्याच्या उलट ‘हे आमच्याविरुद्ध आहे’ हा दुसरा सूर. चित्रपटावर जातीच्या अंगाने जो वाद झाला, त्याचे मूळ येथे आहे. दोन्ही पक्षांनी कथेतील व्यक्तींना साधारणीकृत होऊ दिले नाही. फरक एवढाच की, एकाने त्यांना आपले मानले आणि दुसऱ्याने परके.

तिसरा सूर सर्वांत बोलका आहे: ‘पूर्वार्ध एक चित्रपट आणि उत्तरार्ध दुसराच.’ वरवर पाहता ही रचनेतील दोषाची तक्रार वाटते. पण प्रेक्षकाला नेमके काय जाणवले, ते पाहिले पाहिजे. पूर्वार्धात अजय-अतुल यांचे संगीत, भव्य वाद्यवृंद आणि गाणी प्रेक्षकाला त्याच्या खाजगी चिंतांतून बाहेर काढतात. अभिनवगुप्ताने तिसऱ्या विघ्नावर सांगितलेला उपाय तो हाच. हैदराबादच्या वस्तीत कथा पोहोचते, तेव्हा गाण्यांचा तो आधार सुटतो आणि अखेरीस, लहान मुलाची रक्ताळलेली पावले उमटतात, तेव्हा ध्वनीही उरत नाही. रंजनाचा उपाय दिग्दर्शकाने हेतुपूर्वक काढून घेतलेला असतो. परिणामी प्रेक्षक पुन्हा आपल्या घराच्या, आपल्या जातीच्या आणि आपल्या मुलीबाळींच्या विचारात येऊन पडतो. शास्त्राच्या दृष्टीने हे विघ्न आहे. या चित्रपटाच्या दृष्टीने तेच साध्य आहे. ‘दुसराच चित्रपट’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाने हे बरोबर टिपले होते. त्याच्यापाशी नव्हती ती केवळ परिभाषा. रसविचाराची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. प्रेक्षकाला विश्रांती न देणे हाच ज्या कृतीचा हेतू असतो, तिचे मूल्यमापन केवळ रसनिष्पत्तीच्या कसोटीवर करता येत नाही.

दूरचित्रवाणी मालिकेचा प्रश्न थोडा वेगळा आहे. चित्रपट पूर्ण झाल्यावर मत तयार होते. दैनंदिन मालिका मात्र लिहिली जात असतानाच पाहिली जाते, आणि त्यामुळे मत कथानकात शिरू शकते. तथापि वाहिन्या ज्या टीआरपीवर विसंबतात, तिच्यात प्रेक्षकांची संख्या कळते, त्यांचे म्हणणे कळत नाही. रागावून पाहणारा आणि रमून पाहणारा, दोघांची नोंद तेथे सारखीच होते.

हा प्रश्न आपल्या अध्यापनाशी निगडित आहे. ‘सिंहासन’, ‘बनगरवाडी’ किंवा ‘नटरंग’ यांसारख्या कादंबऱ्यांवरील चित्रपटांचा अभ्यास करताना मूळ संहितेत काय होते आणि पडद्यावर काय गळले, यांची यादी करण्यावर आपण थांबतो. वर्गातील विद्यार्थी ‘मला कंटाळा आला’ म्हणतो, तेव्हा आपण त्याला गप्प करतो. त्याऐवजी कंटाळा कोणत्या प्रसंगी आला, तेथे काय असंभवनीय वाटले, कोण परके वाटले, की मन स्वतःच्याच काळजीत होते, असे त्याला विचारले पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे देताना मताचे निरीक्षण होते आणि निरीक्षणातून समीक्षा सुरू होते. सहृदय हा जन्मतः तयार नसतो. काव्याच्या अनुशीलनाने त्याचे मन आरशासारखे स्वच्छ होते, असे शास्त्रकारांनीच म्हटले आहे. ते अनुशीलन वर्गात घडवावयाचे, तर विद्यार्थ्याचे पहिले, ओबडधोबड मत आधी ऐकून घ्यावे लागेल.