सावडीची वही

खुरपणीचे दिवस आले की गावात एकच बोलणे ऐकू येते. "बाया मिळत नाहीत. गडी मिळत नाही. दिवस पुरत नाही." गवत तर कोणासाठी थांबत नाही. पाऊस झाला, वर ऊन पडले, की ते पिकाच्या बरोबरीने उभे राहते. नवरा-बायको दोघेच वाकून वाकून खुरपतात. ह्या बांधाला पोहोचेपर्यंत त्या बांधाला पुन्हा हिरवे झालेले असते. पाठ तर दुखतेच, पण मनही खचते. काम सरताना दिसतच नाही ना!

मी ३५ वर्षे शाळेत घंटेवर काम केले. घंटा झाली की गणित संपले. शेताला अशी घंटा नसते. म्हणून आपल्या जुन्या माणसांनी वेगळी तोड काढली. तिला सावड म्हणतात. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. पैशाची देवघेव नाही.

आता हिशेब पाहा. चार घरे धरा. प्रत्येकाचे एकेक एकर भुईमुगाचे रान. प्रत्येक घरातून दोन माणसे. एका घराच्या दोघांना आपले रान खुरपायला समजा आठ दिवस लागतात. चारी घरे एकत्र आली, आठ माणसे झाली. आठ माणसे तेच रान दोन दिवसांत काढतात. चार राने, आठ दिवस. म्हणजे दिवस तेवढेच लागले!

मग मिळाले काय? एक तर, रान एकदम साफ झाले. पीक लहान असते तेव्हा पहिल्या महिना-दीड महिन्यात गवत त्याचे सर्वांत जास्त खाते. तुकड्या-तुकड्याने खुरपलेल्या रानात हे नुकसान चालूच राहते. दुसरे म्हणजे सोबत. आठ जण एका ओळीत लागले की मागे राहिलेल्याला शेजारचा हात देतो. गप्पा होतात, थट्टा होते. कोणी भलरी म्हणते, बाकीचे ओढून धरतात. गाण्याच्या ठेक्यावर हात आपोआप चालतो. दुपार कधी झाली ते कळत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचेही तेच होते. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा धरायच्या, आणि सासर-माहेरचे सगळे सुखदुःख ओवीत घालायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता गिरणी आली. जाते गेले ते बरेच झाले. ते कष्ट पुन्हा कोणाच्या वाट्याला नकोत. पण सोबतीने काम हलके होते, ही गोष्ट गिरणीत दळून जाऊ देऊ नये.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, सावड आम्हाला ठाऊक आहे. पण ती टिकत नाही." खरे आहे. भांडण लागते. पहिली पाळी कोणाची? मध्येच पाऊस आला तर बुडालेला दिवस कोणाचा? अमका दुपारीच उठून गेला, त्याचे काय?

पूर्वी हे सगळे तोंडी चालायचे. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. तारीख लिहा, रान कोणाचे ते लिहा, कोण कोण आले ते लिहा. अर्धा दिवस केला त्याच्या नावापुढे अर्धा मांडा. ज्याने आधी पेरले त्याची पाळी आधी. पावसाने दिवस बुडाला तर पाळी त्याच घराकडे राहील. हे सुरुवातीलाच ठरवा, आणि सर्वांसमोर वाचून दाखवा.

वहीत माणसाचे दिवस मांडा, जमीन मांडू नका. हे फार महत्त्वाचे. एकाचे पाच एकर आणि दुसऱ्याचे एक, तर पाच एकरवाल्याने जितके दिवस दिले तितकेच परत घ्यावे. उरलेल्या रानाला त्याने मजुरी देऊन माणसे लावावी. नाहीतर ती सावड नव्हे, वेठ झाली. घरात एकटीच बाई असेल तर ती आपला एक दिवस देईल, एक दिवस घेईल. तिला कोणी टाळू नये. आणि बाईचा दिवस तो पुऱ्या दिवसाइतकाच धरायचा. मजुरीत पुष्कळ ठिकाणी बाईला कमी देतात. ती खोड सावडीत आणायची नाही.

बाईचा दिवस म्हटला म्हणून सांगतो. सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरची बिनपगारी कामे, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी असली कामे करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले. म्हणजे जवळजवळ पाच तास! असली कामे करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. आणि पुरुषांत ती करणारे तरी किती? शंभरात २६.

सावडीच्या दिवशी हे उघड दिसते. आठ वाजता सगळे रानात येतात. पण बाई चारला उठलेली असते. भाकरी झाल्या, पाणी भरले, गोठा झाला, मग ती खुरपे घेते. संध्याकाळी पुरुष पारावर टेकतो, ती चुलीशी बसते. मग भलरी म्हणायला तिच्या अंगात जोर कुठून राहणार?

ज्याचे रान त्याच्या घरी सगळ्यांचे कालवण, असे काही ठिकाणी करतात. त्याने बाकीच्या तीन घरांची सकाळ मोकळी होते. त्या दिवशी पाणी आणि गुरे पुरुषांनी पाहावी.

वहीला अजून पाने उरली असतील. मागच्या बाजूने घरची नोंद सुरू करा. पाणी कोणी भरले, शेण कोणी काढले, भांडी कोणी घासली, रात्री शेवटी कोण निजले. आठ दिवस लिहा. नवव्या दिवशी जेवणे झाली की सगळ्यांना जवळ बसवा, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला ती मोठ्याने वाचायला सांगा.